मापाड्याची मुलगी केक करते

फोनमधल्या बाईकडे ओव्हन आहे, भिंतीत बसवलेला.
काचेच्या बाउलमध्ये अंडं फोडत ती गोड हसते, म्हणते,
एवढं सामान तर प्रत्येकीच्या घरी असतंच.
आमच्या घरी काय असतं ते मी सांगते.

शिट्टी काढलेला, रबर काढलेला पाच लिटरचा कुकर.
त्याच्या बुडाशी यशोदेच्या पात्रातली रेती, दोनदा धुतलेली.
चाळताना शंख निघाला एक, तो भाच्यानं खिशात घातला.
रेतीवर उपडी ताटली, ताटलीवर जर्मनचा डबा,
डब्याच्या तळाला लग्नाची पत्रिका, कोरी बाजू वर.
बटर पेपर वर्ध्याला मिळतो, आणि दुपारी बस नाही.
तेल लावलं की पत्रिका आरपार दिसू लागते,
‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ उलट्या अक्षरांत
केकखाली भाजत राहतं.

फेटायला रवी. ताकाचा वास जाईना
म्हणून तीन दिवस राखेत ठेवली.
पाच मिली म्हणजे खोकल्याच्या औषधाचं टोपण.
आतून शिजलं का पाहायला सायकलची तार,
दगडावर घासून घासून गुळगुळीत केलेली.

थर्मामीटर नाही. पारबताकाकू आहेत,
भंडाऱ्यात पाचशे माणसांचे रोडगे
गोवऱ्यांच्या आरात भाजणाऱ्या.
कुकरपासून वीतभर दूर तळवा धरतात,
ओठांत काहीतरी मोजतात, म्हणतात, “टाक आता.”
किती डिग्री, मी विचारलं.
“रोडग्याहून कमी, पापडाहून जास्त.”

तरी पहिला केक बसला. दुसराही.
तिसरा बकरीनं हुंगला आणि सोडून दिला.

बाबा छपरीत बसलेले असतात.
एकतीस वर्षं पुलगावच्या बाजारात कापूस तोलला,
क्विंटलच्या खाली कधी बोलले नाहीत.
इलेक्ट्रिक काटा आला, मग घरी.
पण उजवा हात अजून मधूनच काहीबाही अजमावतो,
भाजीची पिशवी, पोराचं दप्तर,
हलवून पाहिलेलं सिलिंडर: “मंगळवारपर्यंत पुरते.”
त्या दिवशी त्यांनी मला पाहिलं
मैद्याचा कप ओट्यावर ठोकून ठोकून भरताना.
“काऊन वं, गठाण बांधून राह्यली का?”

उठले. मैदा कोपरात ओतला,
बोटांनी उकलला, मोकळा केला,
बोदऱ्यातला कापूस उकलून पाहायचे तसा,
ओल किती, कवडी किती.
“दाबलं का माप खोटं होते.
हवेलेही जागा लागते ना, बापा.”
मग चमच्याचमच्यानं कपात सोडला,
वरून पट्टी फिरवली, भाच्याच्या कंपासमधली,
शाईनं बरबटलेली.
पहिला कप गंजात रिकामा करताना
ते ‘एक’ म्हणाले नाहीत.
“लाभ,” म्हणाले.
मग, “दोन.”

चाळीस मिनिटं कुकर बोलला नाही.
शिट्टीची सवय असलेलं घर, कोणालाच काही सुचेना.
पारबताकाकूंनी भिंतीवरून दोनदा विचारलं,
“फुगला का वं?”
व्हॅनिलाचा वास आधी त्यांच्याच अंगणात गेला असणार.
तार खुपसली. कोरडी निघाली.

ऑर्डर होती ग्रामपंचायतीच्या शिपायाची,
त्यांची ज्योत्स्ना दहावी झाली, अर्धा किलो सांगितलेला.
बाबांनी केक तळहातावर घेतला, डोळे मिटले.
“चारशे सत्तर. तीस ग्राम कमी हाय.”
मी म्हटलं, कोण तोलून पाहणार आहे?
ते काही बोलले नाहीत. हात तसाच धरून उभे.
मग मी लोणी-साखर फेटली, त्या हातावरच
केकला लावत गेले, कडेनं, वरून, पुन्हा कडेनं,
“बस,” ते म्हणेपर्यंत.

मुलगी केक घेऊन गेली.
बाबांच्या मनगटाला थोडी साखर लागलेली.
संध्याकाळपर्यंत त्यांनी हात धुतला नाही.